टीसीआरला टॅग लावावा का, आणि लावला तर तो नेमकं काय सांगतो

प्रश्न थोडक्यात असा. एक गट घन गाठींच्या कर्करोगासाठी टीसीआर-टी पेशी, म्हणजे लक्ष्य ओळखणारा नवा टी पेशी रिसेप्टर (टीसीआर) घातलेल्या टी पेशी, बनवतो आहे. रुग्णाच्या टी पेशींमध्ये लेंटिव्हायरसने (जनुक पेशीत नेणारा वाहक विषाणू, म्हणजेच वेक्टर) नव्या रिसेप्टरच्या अल्फा आणि बीटा साखळ्या घातल्या जातात. बॅच सोडण्याआधी किती टक्के पेशींवर आपला रिसेप्टर आहे, हे आकड्यात दाखवायचं आहे. टेट्रामर (रिसेप्टरचं लक्ष्य चार प्रतींत जोडून बनवलेला रंगीत शोधक) महाग पडतो, आणि प्रत्येक नव्या टीसीआरसाठी नवा लागतो. मग साखळीलाच मिक किंवा स्ट्रेप-टॅगसारखा छोटा टॅग (अँटिबॉडीने ओळखता येणारा काही अमिनो आम्लांचा तुकडा) जोडावा, की ट्रंकेटेड ईजीएफआरसारखा (ईजीएफआर या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा कापून लहान केलेला भाग) वेगळा मार्कर सोबत पाठवावा? आणि यातला एक पर्याय घेतला की काम भागेल का?

एकावर भागणार नाही, हे आधीच सांगतो. माझा सल्ला असा: साखळीवर छोटा टॅग लावा आणि रोजची मोजणी त्यावर करा. पण विकासाच्या टप्प्यात त्या टॅगची टेट्रामरशी एकदा नीट गाठ घालून द्या, आणि प्रत्येक बॅचला कार्याची चाचणी स्वतंत्र ठेवा. वेगळा मार्कर हवा असेल तर तो सुरक्षेच्या कारणासाठी घ्या, डोस मोजायला नको. आणि तुमच्या प्रक्रियेत पेशीचा मूळचा टीसीआर काढून टाकणं शक्य असेल, तर टॅगचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. हे असं का, ते आता सविस्तर.

आपल्याकडे या कामात बरेच जण कार-टीच्या (कार हा कृत्रिम रिसेप्टर घातलेल्या टी पेशींच्या) अनुभवातून येतात. साहजिकच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार१९ हे कार-टी उत्पादन ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियामक सीडीएससीओकडून मान्य झालं, आणि फ्लो सायटोमेट्रीपासून (एकेक पेशी रंगावरून मोजण्याच्या तंत्रापासून) कागदपत्रांपर्यंतच्या सवयी तिथे घडल्या. त्यातल्या बहुतेक सवयी चांगल्या आहेत, पण एक इथे अडचणीत आणते. कार ही एकच साखळी असते. जनुक शिरलं, प्रथिन बनलं, ते पृष्ठभागावर आलं, झालं. त्यामुळे सोबत पाठवलेला मार्कर दिसला की कार आहे असं धरून चालता येतं, निदान बऱ्याच अंशी. टीसीआरचं तसं नाही. अल्फा आणि बीटा यांची जोडी जमली पाहिजे, मग त्या जोडीला सीडी३ या सोबती प्रथिनांच्या संकुलाचे गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा हे घटक मिळाले पाहिजेत, तेव्हा कुठे रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतो. सीडी३चा साठा मर्यादित असतो आणि पेशीचा मूळचा टीसीआर त्याच साठ्यावर हक्क सांगत असतो. म्हणजे जनुक आत आहे, साखळ्या बनताहेत, पण बाहेर दिसण्याची शर्यत जिंकलेली नाही, असं इथे सर्रास होतं.

त्यातच दोन अल्फा आणि दोन बीटा एका पेशीत आल्या की चार प्रकारच्या जोड्या संभवतात. एक मूळची, एक तुम्हाला हवी असलेली, आणि दोन चुकीच्या. चुकीच्या जोड्या नुसत्या वाया जात नाहीत. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने उंदरांत दाखवलं, की अशा मिश्र जोड्यांमुळे टी पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटून प्राणघातक आजार होऊ शकतो. त्याच वर्षी लायडनच्या गटाने मानवी पेशींत प्रयोगशाळेत दाखवलं, की मिश्र जोड्यांना अनपेक्षित लक्ष्यं ओळखता येतात. रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये असा आजार स्पष्टपणे समोर आलेला नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण नियामक हा प्रश्न विचारणारच, आणि तुमच्या टॅगने त्याचं उत्तर मिळतं का, हे आधीच ठरलेलं बरं.

आता एक हिशेब करून पाहू, कारण वेगळ्या मार्करचा आणि टॅगचा फरक इथे डोळ्यांना दिसतो.

समजा बॅचच्या सगळ्या पेशींवर प्रति पेशी सरासरी वेक्टर प्रतींची (घातलेल्या जनुकाच्या प्रतींची) संख्या १.२ आली. फ्लोमध्ये टॅग ४० टक्के पेशींवर दिसला. प्रति सकारात्मक पेशी प्रती काढायच्या म्हणून तुम्ही १.२ ला ०.४ ने भागता आणि उत्तर येतं ३. पाच या नेहमीच्या कमाल मर्यादेच्या खाली आहे, म्हणून खूण करून सगळे पुढे जातात. पण थांबा. विषाणू पेशींमध्ये यदृच्छेने शिरतो असं मानलं, तर पॉयसनच्या नियमाने सरासरी १.२ असताना एकही प्रत नसलेल्या पेशी सुमारे ३० टक्के असतात. म्हणजे ७० टक्के पेशींमध्ये जनुक असायला हवं. दिसतंय ४० टक्क्यांत. मधले ३० टक्के कुठे गेले?

काही अंशी हा पॉयसनचाच दोष असू शकतो. सगळ्या पेशी विषाणूला सारख्याच दाद देत नाहीत, काही पेशी चार-चार प्रती घेतात आणि काही एकही नाही. पीसीआर फार लवकर केली असेल तर पेशींसोबत वाहून आलेला प्लास्मिड डीएनएही मोजला जातो आणि १.२ हा आकडाच फुगलेला असतो. हे दोन्ही तपासून झाल्यावरही दरी उरली, तर त्या पेशींत जनुक आहे पण रिसेप्टर बाहेर आलेला नाही. अशा वेळी टू-ए पेप्टाइडने (एकाच जनुकातून दोन वेगळी प्रथिनं मिळवून देणाऱ्या दुव्याने) जोडलेला ट्रंकेटेड ईजीएफआर तुम्हाला ६० ते ७० टक्क्यांचा आकडा देईल, कारण त्याला सीडी३ची गरज नाही, तो स्वतंत्रपणे पृष्ठभागावर जातो. त्या आकड्यावर डोस मोजलात, तर रुग्णाला कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी कामाच्या पेशी मिळतील.

हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने अफामी-सेल या पहिल्या टीसीआर-टी उपचाराला सायनोव्हियल सार्कोमासाठी (मऊ ऊतींच्या एका कर्करोगासाठी) त्वरित मान्यता दिली. त्याचा डोस ठरला आहे २.६८ ते १० अब्ज पेशी, आणि त्या मेज-ए४ (कर्कपेशीतलं लक्ष्य प्रथिन) टीसीआर सकारात्मक पेशी. एकूण पेशी नव्हेत. पिशवीत १० अब्ज जिवंत पेशी असतील आणि खरे सकारात्मक २५ टक्के असतील, तर डोस २.५ अब्जांचा होतो आणि तो किमान मर्यादेच्या खाली जातो. तीच पिशवी मार्करने ४० टक्के वाचली तर ती ४ अब्जांची म्हणून सुटेल. टक्केवारी कशावर मोजली, यावर रुग्णाचा डोस ठरतो.

टॅग मात्र थेट साखळीवर असल्याने साखळी पृष्ठभागावर आली तरच दिसतो. ही त्याची मोठी जमेची बाजू. त्याची मर्यादा अशी, की तो एका साखळीवर असतो. बीटावर मिक लावला आणि ती बीटा पेशीच्या मूळ अल्फाशी जोडली गेली, तरी मिक दिसणारच. काही जण यावर उपाय म्हणून दोन साखळ्यांना दोन वेगळे टॅग लावतात आणि दुहेरी सकारात्मक पेशी मोजतात. त्याचा फारसा उपयोग नाही. एकाच पेशीवर दोन वेगवेगळ्या चुकीच्या जोड्या असल्या तरी दोन्ही टॅग उजळतील. फ्लो सायटोमीटर पेशी मोजतो, जोड्या मोजत नाही.

जोडी बरोबर आहे का हे सांगतो टेट्रामर किंवा त्याचाच मोठा भाऊ डेक्स्ट्रामर, कारण त्याला पकड मिळते ती अल्फा आणि बीटा दोघांनी मिळून बनवलेल्या पृष्ठभागावर. म्हणून विकासाच्या काळात टॅग आणि टेट्रामर यांचा एकत्र आलेख काढायचा आणि तो डोळे भरून पाहायचा. आडव्या अक्षावर टॅग, उभ्यावर टेट्रामर, दोन्ही लॉग मापात, आणि फक्त सीडी८ पेशी (थेट मारणाऱ्या टी पेशी). सगळं ठीक असेल तर सकारात्मक पेशींचा ढग तिरक्या रेषेत वर चढतो: टॅग जितका जास्त, टेट्रामर तितका जास्त. चुकीच्या जोड्या जास्त असतील, तर रेषेच्या खाली उजवीकडे पेशी साचतात. टॅग भरपूर, टेट्रामर फिका. तो ढग एकदा पाहिलात की टक्केवारीपेक्षा त्याचा तिरकेपणाच जास्त बोलतो हे कळतं. मी या आलेखातून टॅग आणि टेट्रामर यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर काढून ठेवायला सांगतो. वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींमध्ये ते गुणोत्तर स्थिर राहिलं, तर बॅच सोडताना एकट्या टॅगवर विसंबायला तुमच्याकडे आधार तयार होतो. दात्यागणिक ते नाचत असेल, तर टॅगला एकटं सोडू नका.

टेट्रामरलाही त्याच्या खोड्या आहेत. कमी आकर्षणाचे टीसीआर आणि सीडी८चा आधार लागणारे टीसीआर सीडी४ पेशींवर (मदतनीस टी पेशींवर) फिके दिसतात, रिसेप्टर असूनही. म्हणून सीडी४ पेशींमधला आकडा टेट्रामरने काढू नये, तिथे टॅग जास्त विश्वासू आहे. शिवाय टेट्रामर लागताच रिसेप्टर आत ओढला जातो. त्यावरचा साधा उपाय म्हणजे ५० नॅनोमोलर दासाटिनिबमध्ये (टी पेशीतला सिग्नल थांबवणाऱ्या औषधात) पेशी अर्धा तास ठेवून मग स्टेनिंग करणं. फरक ठळक दिसतो. फक्त ही पायरी पद्धतीच्या कागदात लिहिलेली हवी, कुणाच्या डोक्यात नको.

आता टॅग कुठला आणि कुठे. स्ट्रेप-टॅग दोन म्हणजे ८ अमिनो आम्लं, मिक म्हणजे १०. जनुकात २४ किंवा ३० बेस वाढतात, वेक्टरला त्याचा भारही जाणवत नाही. ट्रंकेटेड ईजीएफआरला मात्र सुमारे एक हजार बेस लागतात, आणि वेक्टर जितका लांब तितका टायटर (विषाणूची उपयोगी मात्रा) घसरतो. जागा सहसा साखळीच्या एन टोकाला (सुरुवातीच्या टोकाला), प्रथिनाला पृष्ठभागाकडे नेणारं सिग्नल पेप्टाइड कापलं जातं त्याच्या लगेच पुढे. इथे दोन गोष्टींकडे लोक दुर्लक्ष करतात. एक म्हणजे ते एन टोक व्हेरिएबल डोमेनच्या त्याच बाजूला येतं जिथे लक्ष्य ओळखणारे सीडीआर लूप असतात. छोटा लिंकर न घालता टॅग चिकटवला, तर तो पेप्टाइड-एचएलएच्या (लक्ष्याचा तुकडा आणि तो पेशीवर धरून दाखवणारं एचएलए प्रथिन यांच्या) वाटेत लुडबुड करू शकतो. म्हणून टॅग असलेला आणि नसलेला, असे दोन्ही टीसीआर त्याच दात्याच्या पेशींत घालून पेप्टाइडच्या उतरत्या मात्रांना दिलेला प्रतिसाद शेजारी शेजारी ठेवून पाहिलाच पाहिजे. अर्ध्या कमाल प्रतिसादाची मात्रा सरकली, तर टॅग हलवा. दुसरं म्हणजे टॅगमुळे सिग्नल पेप्टाइड कापण्याची जागा बदलू शकते. संगणकावरचं भाकीत पुरेसं नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीने एकदा खात्री करून घ्यावी.

मिक टॅगची एक गंमत सांगायला हवी. नेहमीची ९ई१० अँटिबॉडी ही मुळात मानवी सी-मिक प्रथिनाविरुद्ध बनवलेली आहे, आणि सक्रिय होऊन वेगाने वाढणाऱ्या टी पेशीत सी-मिक भरपूर असतं. साइटोकाइन (पेशीचे संदेश रेणू) मोजण्यासाठी पेशीला छिद्रं पाडून मग मिक स्टेन केलात, तर टॅग नसलेल्या पेशीही उजळतात. म्हणून मिकचं स्टेनिंग नेहमी आधी, जिवंत पेशींवर, थंडीत, आणि साइटोकाइनचं त्यानंतर. ज्यांची बॅच अचानक ९५ टक्के मिक सकारात्मक येते, त्यांना मी पहिला प्रश्न पायऱ्यांच्या क्रमाबद्दल विचारतो.

स्ट्रेप-टॅगची अडचण वेगळी. तो ओळखणाऱ्या स्ट्रेप-टॅक्टिनला बायोटिन जास्त प्रिय आहे, आणि पेशी वाढवण्याच्या आरपीएमआय माध्यमात बायोटिन असतं. पेशी नीट धुतल्या नाहीत तर सिग्नल कमी येतो. त्याच पॅनेलमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर उभारलेला टेट्रामर असेल तर गोंधळात भर. म्हणून मोजणीसाठी स्ट्रेप-टॅक्टिनऐवजी स्ट्रेप-टॅगविरुद्धची अँटिबॉडी वापरावी, आणि असंबंधित पेप्टाइडचा टेट्रामर नियंत्रण म्हणून ठेवावा. पेशी शुद्ध करायच्या असतील तेव्हा मात्र हेच बायोटिनचं आकर्षण उपयोगी पडतं: चुंबकी मण्यांना धरलेल्या पेशी बायोटिन देऊन सोडवता येतात. सिअॅटलच्या रिडेल गटाने २०१६ मध्ये कारमध्ये हा टॅग घालून पेशी वेगळ्या करणं आणि वाढवणं दोन्ही दाखवलं होतं. टीसीआरवरच्या टॅगला धरून पेशी वेगळ्या करताना लक्षात ठेवायचं, की तुम्ही त्या पेशीचं सक्रियतेचं बटणच पकडलेलं आहे. त्या उत्तेजित होतात आणि रिसेप्टर आत घेतात. त्यानंतर लगेच मोजणी केलीत तर तुम्ही स्वतःच कमी केलेला आकडा तुम्हाला दिसतो. टी पेशी जागवणारे सीडी३-सीडी२८ मणी लावल्यावरच्या पहिल्या काही दिवसांतही हेच होतं. रिसेप्टर पृष्ठभागावर परत येईपर्यंत नमुना घेऊ नका.

टॅग न लावता साखळीतलाच फरक वापरण्याचा तिसरा रस्ता आहे, आणि तो मला कधीकधी जास्त आवडतो. चुकीच्या जोड्या कमी व्हाव्यात म्हणून बरेच गट साखळीच्या मानवी स्थिर भागाऐवजी (सगळ्या टीसीआरमध्ये सारख्या असणाऱ्या भागाऐवजी) उंदराचा स्थिर भाग वापरतात, किंवा एक जादा सिस्टीन जोडी घालतात. या दोन्ही युक्त्या २००६-०७ पासून वापरात आहेत. उंदराचा बीटा स्थिर भाग असेल तर एच५७ ही अँटिबॉडी थेट चालते, मूळच्या मानवी टीसीआरला ती लागतच नाही. म्हणजे जोडी सुधारण्यासाठी केलेला बदलच टॅगचं काम करतो, वेगळा पाहुणा घरात आणायची गरज नाही. पण नऊ अमिनो आम्लांपुरता बदल केलेली जी छोटी आवृत्ती आहे, तिच्यात एच५७ला लागणारा एफजी लूप येत नाही, त्यामुळे तिथे तिच्या भरवशावर राहू नका. आणि उंदराचं प्रथिन मानवी शरीरात घालताना प्रतिकाराचा विचार करावाच लागतो. संपूर्ण उंदराचा टीसीआर दिलेल्या दोन चाचण्यांत २६ पैकी ६ रुग्णांमध्ये त्याविरुद्ध अँटिबॉडी आढळल्या होत्या. त्या प्रामुख्याने व्हेरिएबल भागाविरुद्ध होत्या आणि उपचाराच्या परिणामाशी त्यांचा संबंध दिसला नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

व्ही-बीटा अँटिबॉडी (बीटाच्या व्हेरिएबल भागाचं कुटुंब ओळखणारी) वापरू का, असंही बऱ्याचदा विचारतात. वापरा, पण पार्श्वभूमी लक्षात ठेवून. बाजारातला संच मानवी व्ही-बीटा साठ्यापैकी सुमारे ७० टक्केच व्यापतो, आणि तुमच्या टीसीआरचं कुटुंब प्रत्येक दात्यात नैसर्गिकरीत्याही काही टक्के पेशींवर असतं. एनवाय-ईएसओ-१ या कर्करोगातल्या लक्ष्यासाठीचा प्रसिद्ध १जी४ टीसीआर व्ही-बीटा १३.१ चा आहे. त्याच्या मोजणीत त्याच दात्याच्या, जनुक न घातलेल्या पण तशाच वाढवलेल्या पेशी शेजारी ठेवल्या नाहीत, तर आकड्याला अर्थ नाही.

पण सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं ते मूळचा टीसीआर काढून टाकल्यावर. क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) टीआरएसी (अल्फाच्या जनुकाची) आणि टीआरबीसी (बीटाच्या जनुकाची) या जागा बंद केल्या, की चुकीच्या जोड्यांना मूळ साखळ्याच मिळत नाहीत, आणि सीडी३ हाच टॅग होतो. पृष्ठभागावर सीडी३ दिसला म्हणजे तो तुमच्याच रिसेप्टरने वर आणला. गॅमा-डेल्टा टी पेशी तेवढ्या वगळायच्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये तीन रुग्णांवर टीआरएसी, टीआरबीसी आणि पीडीसीडी१ (टी पेशीला आवर घालणाऱ्या पीडी-१ प्रथिनाचं जनुक) या तिन्ही जागा बदललेल्या एनवाय-ईएसओ-१ पेशींचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी २०१८ मध्ये विषाणूशिवाय थेट टीआरएसी जागेवर नवा टीसीआर बसवता येतो हे दाखवलं गेलं होतं. तिथे रिसेप्टर पेशीच्या स्वतःच्या प्रवर्तकावर चालतो, त्यामुळे पातळी नैसर्गिकतेच्या जवळ राहते. याची किंमत म्हणजे गुणवत्ता तपासणीचं नवं प्रकरण: चुकीच्या ठिकाणचे काप, आणि गुणसूत्र १४ वरची अल्फा जागा, ७ वरची बीटा जागा आणि २ वरची पीडीसीडी१ जागा यांच्यात होणारी अदलाबदल. ती अदलाबदल पेनसिल्व्हेनियाच्या चाचणीत दिसली होती, आणि कालांतराने कमीही झाली. तुमच्याकडे फक्त टीआरएसी बंद करण्याची सोय असेल तरी तेवढंही करा. मूळ अल्फा गेली की मूळ बीटाला तुमच्या अल्फाशिवाय दुसरा जोडीदार उरत नाही. चार जोड्यांतल्या दोनच शिल्लक राहतात. म्हणून अशा रचनेत टॅग अल्फापेक्षा बीटावर लावा, कारण तुमच्या बीटाला आता चुकीची अल्फा मिळूच शकत नाही आणि टॅग दिसला म्हणजे जोडी बरोबर.

वेगळ्या मार्करचं खरं काम मी सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे सुरक्षेचं. ट्रंकेटेड ईजीएफआर सेटुक्सिमॅब या अँटिबॉडी औषधाला धरतो, म्हणजे गरज पडली तर ते देऊन पेशी मारता येतात. २०१४ मध्ये मांडलेला आरक्यूआर८ हा १३६ अमिनो आम्लांचा मार्कर रिटुक्सिमॅबला धरतो, आणि सीडी३४चा तुकडा असल्याने निर्जंतुक पद्धतीने पेशी वेगळ्या करायलाही चालतो. दोन्ही औषधं दवाखान्यात मिळतात, हा त्यांचा मोठा फायदा. साखळीतला मिक टॅगही पेशी काढायला चालतो, हे बर्लिनच्या गटाने २००८ मध्येच उंदरांत दाखवलं होतं. टॅग असलेल्या पेशींनी स्वादुपिंडावर हल्ला चढवल्यावर मिकविरुद्धची अँटिबॉडी देऊन जीवघेणा मधुमेह टाळता आला. पण मिकविरुद्धचं दवाखान्यातलं औषध नाही, त्यामुळे रुग्णासाठी त्याचा आधार धरता येत नाही. शिवाय अँटिबॉडीने पेशी मारण्यासाठी शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागेवर लागते, आणि केमोथेरपीनंतर ती जागेवर असेलच असं नाही. तातडीने थांबवायचं असेल तर आय-कॅस्पेज-९ हा औषधाने चालू होणारा आत्मघाती स्विच जास्त वेगवान आहे. २०११ मधल्या अहवालात औषध दिल्यावर ३० मिनिटांत ९० टक्क्यांहून जास्त पेशी नाहीशा झाल्या होत्या.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक गटाला आवर्जून सांगतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेज-ए३ टीसीआरच्या चाचणीत पहिले दोन्ही रुग्ण पेशी दिल्यानंतर काही दिवसांतच हृदय बंद पडून गेले. आकर्षण वाढवलेल्या त्या टीसीआरने हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन प्रथिनाचा तुकडा मेज-ए३ समजून ओळखला होता. त्या पेशींवर टॅग असता तर तो छान दिसला असता, टेट्रामरही उत्तम लागला असता, आणि बॅच सगळ्या निकषांत बसली असती. दोष बनवण्यात नव्हता, रिसेप्टरच्या निवडीत होता. तो धोका पकडायला वेगळ्या चाचण्या लागतात: पेप्टाइडमधलं प्रत्येक अमिनो आम्ल बदलून केलेला नकाशा, आणि स्पंदन करणाऱ्या हृदयपेशींसारख्या जिवंत मानवी पेशींची फळी. त्या हृदयपेशींच्या संवर्धनातच टायटिनचा उलगडा झाला. टॅगच्या अहवालाला विशिष्टतेचा पुरावा म्हणून सादर करणारी कागदपत्रं मी पाहिली आहेत. तसं करू नये.

आता एचएलएबद्दल, कारण भारतात काम करताना टॅगच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. बहुतेक टीसीआर आणि बहुतेक तयार टेट्रामर एचएलए-ए*०२:०१ साठी आहेत. आपल्या लोकसंख्येत ए०२ गटात ०२:११ सारखे प्रकारही बऱ्यापैकी आढळतात. तुम्ही उद्या अशा एखाद्या प्रकारासाठी टीसीआर घेतलात, तर तयार टेट्रामर मिळायची शक्यता कमी, बनवून घ्यावा लागेल, आणि त्याची गुणवत्ता तुम्हालाच सिद्ध करावी लागेल. टॅग मात्र एचएलए पाहत नाही. चार वेगवेगळ्या टीसीआरना एकच अँटिबॉडी, एकच गेट (फ्लोमध्ये सकारात्मक पेशींची आखलेली हद्द), एकच प्रमाणित पद्धत चालते. अनेक टीसीआर घेऊन चालणाऱ्या गटाला ही बचत मोठी आहे.

बॅच सोडण्याच्या पद्धतीत शेवटी काय ठेवायचं? टॅगसाठी टक्केवारी आणि तीव्रता दोन्ही लिहा, नुसती टक्केवारी नको. शून्य रेषा त्याच दात्याच्या जनुक न घातलेल्या पेशींवरून ठरवा. सकारात्मक आणि नकारात्मक पेशी ठरावीक प्रमाणात मिसळून मोजणी सरळ रेषेत चालते का, किती कमीपर्यंत विश्वासाने वाचता येतं, आणि दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी केलं तरी आकडा जुळतो का, हे आधी सिद्ध करा. कार्याच्या चाचणीत पेप्टाइड लावलेल्या टी२ पेशींसोबत (लक्ष्य दाखवणाऱ्या चाचणी पेशींसोबत) ठेवून टॅग आणि सीडी१३७ (टी पेशी जागी झाल्याची खूण) एकाच वेळी पाहा, म्हणजे टॅग असलेल्या पेशींपैकी किती खरोखर जाग्या होतात हे कळतं. तो आकडा ज्या बॅचमध्ये घसरतो तिची टॅगची टक्केवारी कितीही चांगली असली तरी मी ती अडवीन. एफडीएच्या जानेवारी २०२४ च्या कार-टी मार्गदर्शिकेतला बराच भाग टीसीआर-टीलाही लागू पडतो, ती एकदा पूर्ण वाचून घ्या. टॅग हा जनुकाचा भाग असल्याने पहिल्या टप्प्यानंतर तो बदलणं म्हणजे नवं उत्पादन. तेव्हा टॅगचा निर्णय वेक्टर बनवायला देण्याआधी पक्का करा, आणि टॅग व साखळी यांच्या सांध्यावर जे नवे पेप्टाइड तयार होतात ते सामान्य एचएलएंना घट्ट बसतात का, तेही आधीच पाहून ठेवा.

टॅगची अँटिबॉडी तुमच्यासाठी निर्णायक साहित्य बनते, आणि ती बहुतेकदा फक्त संशोधनासाठी म्हणून विकली जाते. उत्पादक लॉट बदलतो तेव्हा कळवतोच असं नाही. जुना लॉट संपण्याआधी नवा आणून, दोन्ही त्याच गोठवलेल्या नियंत्रण पेशींवर चालवून फरक नोंदवा, आणि त्या नियंत्रण पेशींचा साठा सुरुवातीलाच मोठा करून ठेवा.

तुमच्या रचनेत कुठल्या साखळीवर काय बसतं, टीआरएसी बंद करता का, आणि टीसीआरचं सीडी८वर किती अवलंबित्व आहे, हे कळवलंत तर गेटबद्दल नेमकं सांगता येईल. आलेख पाठवलात तर त्यासोबत जनुक न घातलेल्या पेशींचाही पाठवा, एकटा पाठवू नका.